गावचा जावई आणि मागच्या चाकांच्या चेना

११ मे २०१७, गुरुवार. वरठी.

कारखान्यानं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. अठ्ठावीस वर्षं स्टोअरमध्ये काढली, हजार रजिस्टरं भरली, पण स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. आता नोकरी सोडून यंत्राचा मालक झालोय, तर नोंद राहिलीच पाहिजे.

यंत्र म्हणजे जुना स्किड लोडर. ठेंगणा, पुढं बकेट, आणि स्टेअरिंग नाही. वळायचं असलं की एका बाजूची चाकं थांबतात, दुसऱ्या बाजूची फिरतात आणि सगळा गडी जमिनीवर घसटत वळतो. मी स्वतः चालवायला शिकलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हेही लिहून ठेवतो.

काल बुद्ध पौर्णिमा. मुलगा अश्वजित आणि सूनबाई रश्मी नागपूरहून आले होते. विहारातून परतल्यावर खीर खाताखाता अश्वजितनं विषय काढलाच. बाबा, हे खेळणं विका आणि आईला घेऊन नागपूरला चला, एक खोली तुमच्यासाठी रिकामीच ठेवली आहे. सहा महिन्यांत यंत्रानं राइस मिलच्या आवारात कोंडा ढकलण्यापलीकडं काही केलं नाही, असं तो म्हणाला. खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मग मीही बोलून बसलो. वच्छलेच्या माहेरच्या तलावाचा गाळ काढायचं काम येतंय. जमलं तर यंत्र राहील आणि आम्हीही इथंच राहू. नाही जमलं तर महिनाअखेर यंत्र विकतो आणि नागपूरला येतो.

रश्मी म्हणाली, आई, तुमचा पलंग खिडकीपाशी टाकलाय, तेव्हा वच्छला नुसती हसली. तिला नागपूर हवंय हे उघड आहे. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोचं हसणं मला बरोबर कळतं. मला मात्र जायचं नाही. तिथं मी दिवसभर काय करणार? लिफ्टनं वर जाणार आणि लिफ्टनं खाली येणार.

१३ मे, शनिवार

तुलारामजींचा फोन. ते वच्छलेच्या गावच्या तलाव समितीचे प्रमुख, धानाचे जुने शेतकरी. म्हणाले, तलाव आटला आहे, पण तुडूमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीपाशी, वरून पापुद्रा वाळलाय आणि खाली लोणी आहे. मोठं पोकलेन आणलं तर मोरीचं जुनं दगडकाम ढासळेल, म्हणून छोटं यंत्र पाहिजे. पण त्यांनी विचारलं की रबराची चाकं त्यात गरगर फिरतील, त्याचं काय? मी म्हणालो, चेना लावू.

म्हणालो खरा, पण चाकांना लावायच्या चेना मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. सकाळभर यंत्राचं पुस्तक वाचलं. चेना दोन जातीच्या. एक शिडीसारखी, म्हणजे दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या. दुसरी जाळीची. शिडीतही पायऱ्या दूरदूर असल्या तर त्या टायरच्या गट्टूंमध्ये, म्हणजे रबरी उंचवट्यांमध्ये, खाली जाऊन बसतात आणि पकड राहत नाही, म्हणून दर दुसऱ्या कडीला पायरी असलेली घ्यायची. यंत्राच्या खरेदीच्या कागदावरून टायरचा नंबर उतरवला, १०-१६.५, आणि नागपूरला जाऊन खाणीच्या यंत्रांचे भाग विकणाऱ्या दुकानातून एक जोडी घेऊन आलो. एकदम मनासारखी खरेदी झाली.

१५ मे, सोमवार

चेन टायरला पुरत नाही.

सकाळपासून मी आणि शेजारचा वेल्डर भोजराज ओढतोय. वीतभर फट राहते. भोजराज म्हणाला, दोन कड्या वेल्डिंगनं जोडून देतो, हत्ती बांधला तरी तुटणार नाही. मी जवळजवळ तयार झालो होतो. वच्छला चहा घेऊन आली, टायरपाशी वाकली आणि म्हणाली, "अवो, टायरवर बी तं लिवलं हाय. बारा लिवलं हाय इथं."

टायर १२-१६.५ निघाला. आधीच्या मालकानं चाकं बदलली होती आणि कागद तसाच ठेवला होता. स्टोअरच्या माणसाला कागद खरा. रजिस्टरात दहा म्हणजे वस्तू दहा, वस्तूकडं पाहायचं ते फक्त ऑडिटच्या दिवशी. भोजराजसमोर मी म्हणालो की माझी शंका तीच होती.

१६ मे, मंगळवार

चेना बदलून आणल्या. वच्छलाही सोबत आली, तिला म्हणे नागपुरात कापड पाहायचं होतं. कापड राहिलं बाजूला, दुकानात ही बया चेना हातात घेऊन हलवून पाहत बसली. चिखलात कोणती चालते, ढिली झाली तर काय होतं, कोण कसतं, किती वेळानं कसायची. दुकानदारानं तिला पाऊण तास समजावून सांगितलं, चेन कसायच्या खिट्ट्या पान्यानं कशा फिरवायच्या तेही करून दाखवलं. मी तोवर समोर टेम्पोवाल्याशी बोलत होतो. येताना तिला विचारलं, एवढे प्रश्न कशाला? म्हणाली, सहज. बायकांना कुठंही बसवा, वेळ छान जातो.

कापड घेतलंच नाही.

१८ मे, गुरुवार. मुक्काम सासुरवाडी.

यंत्र ट्रकवर चढवून गावात आणलं. मेव्हणा धनीराम याच्याकडं उतरलो. या गावात मला केशवराव कोणी म्हणत नाही. धनीरामच्या घरापासून तुलारामजींच्या वाड्यापर्यंत, सगळ्या जातीधर्माच्या माणसांना मी एकच, 'जवाई'. बसायला खाट, पाण्याआधी गूळ, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "बराबर हाय". कारखान्यात अठ्ठावीस वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता.

तुलारामजींनी अट सांगितली. तुडूमापुढचा तुकडा एकतीस तारखेपर्यंत साफ झाला, तर सगळ्या तलावाचं काम माझं, पुढच्या उन्हाळ्याचंही. नाही झाला तर समिती बाहेरचा ठेकेदार पाहील.

चेना धनीरामच्या अंगणातच चढवल्या आणि दिमाखात गावातून तलावावर गेलो. नवीन सिमेंटच्या रस्त्यावर थोड्या रेघा उठल्या, वळणावर जरा टवके निघाले. लोक दारात येऊन पाहत होते, पण कोणी काही बोललं नाही. त्यावरून रस्ता भक्कम असावा. उलट एका घरून आंब्याचं पन्हं आलं.

२० मे, शनिवार

जोडी एकच, मग पुढच्या चाकांना की मागच्या? मी विचार केला की भरलेल्या बकेटचं वजन पुढं येतं, म्हणून चेना पुढं. तुलारामजी म्हणाले, "जवाई म्हणतेत तं बराबर असन."

बराबर नव्हतं. गाळात बकेट खुपसायला गेलो की मागची चाकं जागेवर फिरतात आणि पुढची उगाच ओरबाडतात. दुपारपर्यंत चार बकेटी निघाल्या. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चाळीस माणसं बसली होती, सगळी गप्प. एवढे गप्प प्रेक्षक मी पाहिले नाहीत.

जेवताना वच्छलेनं विचारलं, बकेट रिकामी असली की वजन कुठं असतं? मी म्हणालो, मागं, इंजिन मागं आहे. ती म्हणाली, आणि खुपसायला जाता तेव्हा बकेट भरलेली असते का रिकामी? मी म्हणालो, रिकामी, अर्थात. ती म्हणाली, बरं, भात वाढू का?

मग आंघोळ करताना मला एकदम सुचलं. चेना मागच्या चाकांनाच हव्यात! संध्याकाळपर्यंत बदलल्या. असले विचार शांत डोक्यानंच येतात.

२१ मे, रविवार

बावीस ट्रॉल्या. शेतकरी गाळ आपापल्या धानाच्या बांध्यांत नेऊन टाकतायत आणि जाताना मला रामराम, जयभीम करून जातात.

२४ मे, बुधवार

चेनेची तारीफ करावी तेवढी थोडी. पुस्तकात लिहिलंय की चेन ताणावर असली पाहिजे, चालली की ढिली पडते, म्हणून रोज काम सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर थोड्या वेळानं कसायची. मी रोज सकाळी सात वाजता जाऊन हात लावून पाहतो. ताण जसाच्या तसा. चार दिवसांत एकदाही पाना चालवावा लागला नाही. याला म्हणतात पोलाद. नागपूरच्या दुकानदाराला पत्र लिहावं म्हणतो.

एक मात्र, पाना मी खोक्यात डाव्या बाजूला ठेवतो आणि सकाळी तो उजव्या बाजूला सापडतो. स्टोअरच्या माणसाला हे खटकतं. पोरं खेळत असतील.

वच्छला माहेरी खुलली आहे. पहाटे पाचलाच बाहेर पडते, सहा-साडेसहाला येते. म्हणते, तलावाकडून फिरून येते. लहानपणी इथंच पोहायची, बाकीच्या बायांबरोबर धानाच्या रोवणीला जायची, सगळ्या आठवणी असणार. हाताला काळं लागलेलं असतं. विचारलं तर म्हणते, गंजाची, म्हणजे पातेल्यांची, बुडं घासली. आज रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, एक कडी लोंबत असली तर चालतं का हो? मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. लक्ष देऊन ऐकत होती. शिकवायला बरं वाटतं.

तुकडा निम्म्याहून जास्त झाला. पण जसजसं मन आनंदतंय तसतसं एक खुपतंय. काम जमलं, तर तिचा खिडकीजवळचा पलंग राहिला. ती माझ्यासाठी काही बोलत नाही. मी मात्र माझ्याच हट्टानं तिला इथं डांबून ठेवणार.

२६ मे, शुक्रवार

वच्छला पवनीला मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली. परवा येईल. जाताना दोनदा म्हणाली, चेना पाहून घ्या. मी म्हणालो, त्या चेनेला पाहावं लागत नाही.

२७ मे, शनिवार

सगळं संपलं.

सकाळी नऊला खडखड आवाज सुरू झाला. वाटलं, एखादा दगड असेल. मग मागून ढोलावर काठी मारल्यासारखे ठोके. डावी चेन ढिली होऊन यंत्राच्या अंगावर आपटत होती. पाहायला म्हणून घाईनं यंत्र वळवलं, गाळातच, जागेवर. वळता वळता चेन सुटून चाकाभोवती गुंडाळली आणि यंत्र पोटापर्यंत खाली गेलं. मी दारातून उतरलो तो मांडीपर्यंत रुतलो. एक चप्पल अजून तिथंच आहे.

सगळा गाव पाळीवर उभा. एकानंही 'असं कसं केलं' म्हटलं नाही. तुलारामजी म्हणाले, "होते, होते." एका म्हातारीनं टरबूज कापून आणलं. त्या टरबुजाची फोड हातात घेऊन मी गाळात उभा होतो. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

नेमका अश्वजितचा फोन. सांगून टाकलं. तो समजुतीनं बोलला, हे जास्त वाईट. एकतीसला गाडी घेऊन येतो, तुम्ही तयार राहा, म्हणाला.

कसलं पोलाद. सात दिवसांत दम निघाला.

२८ मे, रविवार

हा दिवस नीट लिहायचा आहे.

वच्छला अकरा वाजता एसटीनं आली. घरी न येता सरळ तलावावर. पिशवी पाळीवर ठेवली, लग्नातलं लुगडं खोचलं, गाळात उतरून चेन हातानं चाचपली. मग वर येऊन धनीरामला विचारलं, "दोन दिवस कोनीच कसली नाही का?"

धनीराम माझ्याकडं पाहू लागला, मी धनीरामकडं. मी म्हणालो, कसायची काय, ती ढिली कधी पडतच नव्हती. पाळीवर बसलेली चाळीस माणसं एकदम आपापल्या पायांकडं पाहू लागली.

तेव्हा कळलं. रोज पहाटे पाच वाजता ती यायची. आडव्या पायऱ्यांत अडकलेला चिखल काडीनं काढायची, एकेक कडी पाहायची, पान्यानं खिट्ट्या फिरवायची. दुपारी मी जेवून कलंडलो की पुन्हा एकदा. साऱ्या गावाला माहीत होतं. ढोरं चारणाऱ्या पोरांनाही माहीत होतं. नव्हतं ते फक्त मला.

मी फार रागावलो. तिच्यावर नाही, तुलारामजींवर. म्हणालो, तुम्ही एवढे जाणते, एका शब्दानं सांगितलं नाही? ते शांतपणे म्हणाले, "गावच्या जवाईले तोंडावर चूक कोन सांगन? अशी रीत नाही आमची. वच्छला आमची पोरगी हाय, ते सांभाळून घेत होती. आमी म्हटलं, चाललं हाय तं चालू द्या."

मी अर्धा तास आंब्याखाली रुसून बसलो. मग उठून आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, आजपासून चार दिवस मी जावई नाही. मी लोडरवाला. काय चुकतंय ते सांगा.

सुरुवातीला कोणी तोंड उघडेना. मग मागून एक हळू आवाज आला, "रस्त्यावरून चेना लावून नेत जाऊ नका जी. साऱ्या रोडाची खराबी झाली." आणि बांध फुटला! तासभर चुका ऐकल्या. यंत्र गाळात वळवतो. बकेट फार भरतो. ओल्यात शिरतो आणि कोरडं सोडतो. पुढं चेना लावल्या तेव्हा सगळ्यांना घरी जाऊन हसावं लागलं. एक जण तर म्हणाला की मी पन्हं पिताना फार आवाज करतो. वच्छला पदर तोंडाला लावून हसत होती. दहा दिवसांचा मान एका तासात वसूल झाला, आणि खरं सांगतो, मला गावात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

२९ मे, सोमवार

दोन ट्रॅक्टर आणि तीस माणसं लावून यंत्र बाहेर ओढलं. चाकांखाली तणसाचे पेंढे टाकले. डाव्या चेनेची एक पायरी वाकली होती, ती काढून जोडकडीनं नवी बसवली. हूकचं उघडं तोंड टायरच्या बाहेर पाहिजे, नाहीतर रबर कापतं. हेही मला आज वच्छलेनं सांगितलं. दुकानदारानं तिला सांगितलं होतं आणि मी टेम्पोवाल्याशी बोलत होतो.

मग ती हातात बांबू घेऊन अनवाणी गाळात उतरली. सोबत गावच्या चार बाया. प्रत्येक पावलाला टाच दाबून पाहायच्या. मी विचारलं, काय पाहता? ती म्हणाली, "बूड लागते का पाहतो. रोवणीत पायाले कळते ना. खाली कडक लागलं तं तुमची चेन धरन. नाही लागलं तं कितीबी चेना लावा, ते आपलाच खड्डा खनन." जिथं बूड लागलं तिथं काडी रोवली. तासाभरात काड्यांच्या दोन रांगा उभ्या राहिल्या, मध्ये यंत्राएवढी वाट. पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही.

आणि दुसरं, वळायचं नाही. रोवणीतल्या बाया शेतात गर्रकन वळत नाहीत, ओळ धरतात आणि मागं मागं सरकतात. तसं सरळ जायचं, बकेट भरायची, सरळ मागं यायचं, कोरड्यावर आल्यावरच वळायचं. आज एकदाही रुतलो नाही. दर तासाला मी खाली उतरायचो आणि आम्ही दोघं चेना कसायचो. डावी ती, उजवी मी. तिची आधी व्हायची.

३१ मे, बुधवार

साडेतीन वाजता बकेटीला दगड लागला, तुडूमाचा शेवटचा चिरा. तुलारामजी स्वतः खाली उतरले, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले की वडलांनी दाखवला होता त्यानंतर आज पाहिला. मग मला म्हणाले, उरलेला तलाव तुमचा. आणि लगेच विचारलं की आता पुन्हा जावई म्हटलं तर चालेल का. मी म्हणालो, चालेल, पण चुका सांगत जा.

अश्वजित गाडी घेऊन पाळीवर आला तेव्हा त्याची आई गुडघाभर गाळात उभी राहून हातवारे करत होती आणि त्याचा बाप मुकाट्यानं यंत्र मागं घेत होता. तो गाडीतून उतरला. मग म्हणाला, "आई, तुझी बॅग कुठं आहे?"

मला राहवलं नाही. यंत्र बंद केलं आणि सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, वच्छला, काम जमलं, माझी हौस फिटली. पण तुझी इच्छा मारून मला इथं राहायचं नाही. तुला नागपूरला जायचं आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू म्हणत असशील तर मी यंत्र आज विकतो.

ती म्हणाली, "मले नागपूरले जायचं हाय, हे तुमाले कोनी सांगितलं?"

मी म्हणालो, तू हसली होतीस.

"मंग काय करू? सूनबाई एवढ्या मायेनं बोलली, तं रडू का? अन् तुमी मले विचारलं कवा? नोकरी सोडली तवा नाही विचारलं, यंत्र घेतलं तवा नाही, नागपूरले जायचं कबूल केलं तवाबी नाही. मले वाटलं, तुमाले कोंडा ढकलून कंटाळा आला असन, जायचं असन नागपूरले. म्हून म्हटलं, जमन तेवढं ते मशीन चालू ठेवू."

एकतीस वर्षं. अश्वजित तिकडं तोंड करून उभा होता, बहुतेक हसत होता.

मी गाळात उतरलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, बरं, आज विचारतो. वच्छला, कुठं राहायचं आपण?

ती म्हणाली, "आधी चेना धुवा. चिखल वाळला का मंग निंगत नाही. मंग बसून बोलू."

धुतल्या. मग आंब्याखाली बसून अंधार पडेपर्यंत बोललो.